आधी ‘नाही’ दाबून पाहा

आमच्या ऑफिसात ‘खात्री आहे का?’ असं लिहायला बंदी होती. ती मालकांनी घातलेली नव्हती, सरांनी घातली होती, आणि मालकांच्या कुठल्याही नियमापेक्षा जास्त पाळली जायची. मी रुजू झाले त्याच्या तिसऱ्या दिवशी मला ती कळली. एका शाळेच्या कम्प्युटर प्रोग्रॅममध्ये विद्यार्थ्याचं नाव पटावरून कमी करायचं बटण मी बनवलं होतं. बटण दाबलं की पडद्याच्या मध्यभागी एक चौकट यायची, ‘आपली खात्री आहे का?’ आणि खाली ‘ओके’, ‘कॅन्सल’. सगळीकडे असते तशीच.

सर खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. चौकट त्यांनी मोठ्यानं वाचली आणि मलाच विचारलं,

“कायची?”

“म्हणजे?”

“खात्री. कायची खात्री?”

“नाव काढायची, सर.”

“मंग तसं लिहिलं कुठं हाये? तुह्या दारात कोनी अनोळखी मानूस आला अन् नुसतं म्हन्ला, ‘खात्री हाये का?’, तं तू काय करशीन?”

“आईले हाक मारीन.”

मला वाटलं सर हसतील. ते हसले नाहीत. “बराबर हाये. मारायलेच पायजे,” म्हणाले आणि उठून गेले. मी संध्याकाळपर्यंत त्या एका चौकटीशी झटत बसले होते.

सरांना जाऊन आता दीड वर्ष होत आलं. त्यांच्याबद्दल लिही म्हणून मला कुणी सांगितलेलं नाही. पण अजूनही कुठल्या मोबाइलवर, कुठल्या बँकेच्या मशीनवर तसली मोघम चौकट समोर आली की माझं बोट थबकतं आणि कानात ‘कायची?’ ऐकू येतं. हे किती वर्षं चालणार आहे कुणास ठाऊक.

आमचं ऑफिस वाशिम जिल्ह्यात रिसोडला, एका कृषी सेवा केंद्राच्या वरच्या मजल्यावर. दोन खोल्या, पाच माणसं, आणि जिन्यातून वर येणारा खताचा वास. शाळा, अडते, छोटे दवाखाने, ट्रस्ट यांच्यासाठी आम्ही प्रोग्रॅम बनवायचो. आत हिशेब-ठिशेब चालतो तो भाग दुसऱ्यांकडे होता. माणसाला पडद्यावर जे दिसतं आणि माणूस ज्याला बोट लावतो, ते सगळं सरांकडे. पुण्यात बरीच वर्षं मोठ्या कंपनीत काढून ते परत आले होते. गाव आसेगाव. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, तिकडे झेडपीच्या शाळेत शिक्षिका, त्यामुळे सर आठवडाभर रिसोडला खोली करून राहायचे आणि शनिवारी घर गाठायचे. पुणं सोडून इकडे कशाला आले, असं विचारलं की म्हणायचे, “तिकडं समद्याईले घाई हाये.”

त्यांच्या टेबलाच्या खणात दाढीचा गोल आरसा असायचा. दुपारचा डबा झाला की सर सँडल काढायचे, मांडी घालायचे आणि तो आरसा तळपायाखाली धरून दोन्ही पाय नीट बघायचे. बोटांच्या बेचक्यांत, टाचेच्या भेगांत, सगळीकडे. आम्ही तिघं-चौघं डब्यावर मान घालून हसू दाबायचो. “सर, कोणाचा चेहरा दिसते?” असं एकदा आमच्यातल्या एकानं विचारलंही. सर म्हणाले, “बापाचा.” आम्हाला तो विनोद वाटला आणि आम्ही मोकळेपणी हसलो.

पंखा बंद करायचा तरी सर उठून सांगायचे, “पंखा बंद करून राह्यलो. तुमाले गरम होईन. वापस चालू करता येते.” न्हाव्याकडे गेले तर खुर्चीत बसून आधी त्याच्याकडून वदवून घ्यायचे की तो काय काय कापणार आहे. एकदा त्या न्हाव्यानं सवयीनं मिशीला कात्री लावली, तेव्हा सर अर्ध्या मिशीनिशी उठून ऑफिसात आले होते. उरलेली अर्धी त्यांनी तशीच ठेवली, चांगली दोन दिवस. “इचारल्याबिगर गेली थे गेली. राह्यली तिले तरी इचारू,” म्हणायचे. मालकांनी ग्राहक येणार म्हणून हात जोडले, तेव्हा कुठे ती निघाली.

पण सरांचं खरं वेड म्हणजे ती चौकट. ती त्यांनी एकदाच बनवून ठेवली होती. तिला ते ‘सवाल’ म्हणत, फाइलचं नावही तेच. प्रोग्रॅम कुठलाही असो, त्यात काही पुसायचं, रद्द करायचं, कायमचं बंद करायचं असलं की आम्ही आपली वेगळी चौकट बनवायची नाही, सरांचा सवाल आणून बसवायचा. घरात पाटा एकच असतो आणि चटणीही त्यावरच, पुरणही त्यावरच वाटतात, तसं. सवालाला आम्ही तीन वाक्यं द्यायची. काय होईल, कोणाचं होईल आणि ते परत येईल की नाही. सोबत ‘हो’ दाबल्यावर करायचं काम जोडून द्यायचं. तिन्हीपैकी एक वाक्य जरी रिकामं सोडलं तरी सवाल उघडतच नसे, उलट लाल अक्षरांत आमच्यावरच खेकसायचा. खालच्या बटणांवर नुसतं ‘ओके’ चालत नसे. ‘हो, नाव काढा’ असं लिहायचं, आणि दुसरीकडे ‘नाही, राहू द्या’. चौकट उघडली की आपोआप ‘नाही’च निवडलेलं असलं पाहिजे, म्हणजे चुकून एंटर दाबला गेला तरी कुणाचं वाटोळं होणार नाही.

आणि हा सवाल वाटेल तिथं वापरायचा नाही, हा दुसरा नियम. जे परत आणता येतं तिथं विचारायचंच नाही, करून टाकायचं आणि ‘परत आणा’ असं बटण द्यायचं. “उठसूट इचारलं का मानूस वाचनंच सोडते,” सर म्हणायचे. “मंग खरा सवाल आला तरी थो ‘हो’च म्हनते. त्याची चूक नाई. आपूनच त्याले तशी आदत लावली.”

तिसरा नियम तपासण्याचा. सवाल बसवला की आधी ‘नाही’ दाबून पाहायचं. एकाच्या नावावर उघडायचा, ‘नाही’ म्हणायचं. दुसऱ्याच्या नावावर उघडायचा, मग ‘हो’ म्हणायचं, आणि गेलं ते कोणाचं गेलं हे यादीत जाऊन बघायचं. “‘हो’ म्हन्ल्यावर तं समदेच चालतात. ‘नाही’ म्हन्ल्यावर थांबते का थे पाह्य आधी.” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की ते मला ऐकू येईनासं झालं होतं.

आता माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय सर सांगून होत नाहीत.

आमच्या जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या डायलिसिस केंद्राचा प्रोग्रॅम आमच्याकडे होता. ज्यांची किडनी काम करत नाही त्यांचं रक्त तिथं मशीनवर साफ करतात. मशीनं थोडी, पेशंट जास्त. प्रत्येकाचे आठवड्याचे दोन वार ठरलेले. एकाचं नाव निघालं की थांबलेल्यांच्या यादीतला पहिला माणूस आपोआप त्या जागी येई. ट्रस्टच्या टेबलावर बसणाऱ्या ताईंची तक्रार होती की त्यांच्या जुन्या कम्प्युटरवर ही यादी फार रेंगाळते. मी बघितलं, तर सवालाला जोडलेलं काम, म्हणजे ‘हो’ म्हटल्यावर कोणाचं नाव काढायचं ते, दर वेळी नव्यानं बनत होतं. मी ते एकदाच बनवून धरून ठेवलं. यादी पळायला लागली. एका खोट्या नावावर मी सवाल उघडला, ‘हो’ म्हटलं, नाव गेलं. मला माझं कौतुक वाटलं.

सर तेव्हा दोन दिवसांच्या रजेवर होते. नव्या सँडलचा पट्टा लागून त्यांच्या डाव्या पायाला जखम झाली होती आणि ते आसेगावला पट्टी करून घेत होते. त्यांचा फोन आला.

“यादीचं झालं काय?”

“झालं, सर.”

“‘नाही’ दाबून पाह्यलं?”

“हो, सर,” मी म्हटलं.

दाबून पाहिलं नव्हतं. खोटं बोलायचं असं ठरवलंही नव्हतं, ते सवयीनं तोंडातून गेलं. त्या दिवशी दुपारी मी तो बदल ट्रस्टकडे चढवून दिला.

शुक्रवारी ट्रस्टच्या ताईंना एका माणसाचं नाव काढायचं होतं. तो मुलाकडे राहायला परगावी गेला होता. ताईंचं बोट आधी चुकून वरच्या ओळीवर पडलं. ती ओळ शेलूबाजारच्या एका मावशींची. सवाल उघडला, त्यानं मावशींचं नाव दाखवलं, ताईंनी वाचलं आणि ‘नाही’ दाबलं. मग त्यांनी बरोबर ओळीवर बोट ठेवलं. सवालानं त्या माणसाचं नाव दाखवलं, ताईंनी पुन्हा वाचलं आणि ‘हो’ दाबलं. मी काम धरून ठेवलेलं होतं ते यादी उघडल्यावरच्या पहिल्या वेळचं, म्हणजे मावशींना काढायचं. वाक्यं नवी आली, काम जुनंच राहिलं. सवालानं विचारलं त्या माणसाबद्दल आणि काढलं मावशींना.

सोमवारी मावशी शेलूबाजारहून बसनं केंद्रावर आल्या, तर त्यांच्या पलंगावर दुसरं कुणी झोपलेलं. नर्स म्हणाली, तुमचं नाव यादीत नाही, टेबलावर विचारा. ताई त्या दिवशी रजेवर. मावशी बाकावर दुपारपर्यंत बसल्या, मग निमूट परत गेल्या. गुरुवारी त्यांना श्वास घेता येईना, तेव्हा त्यांच्या नवऱ्यानं गाडी करून अकोल्याला नेलं. त्या तिथं आठ दिवस होत्या. पहिले दोन दिवस डॉक्टर काही सांगायला तयार नव्हते.

ट्रस्टमध्ये सगळे ताईंवर तुटून पडले. ताई एकच सांगत होत्या, मी वाचून ‘हो’ केलं. कोण ऐकणार? त्यांना कामावरून काढायचं जवळपास ठरलं होतं. आमचे मालकही म्हणाले, “बटन दाबनाऱ्याचंच चुकते, दुसरं काय असनार!” खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं, कारण तसं वाटणं सोयीचं होतं.

सर तोवर कामावर परत आले होते, पायाला पट्टी बांधून. ते म्हणाले, “थे बाई म्हनते, मी वाचलं. मंग तिनं वाचलंच असन.” त्यांनी ताईंना फोन लावला आणि त्या दिवशी काय काय दाबलं ते क्रमानं विचारून कागदावर लिहिलं. त्यांच्या पूर्ण बाह्यांच्या शर्टाच्या खिशाला कायम एक पेन लावलेला असायचा, तो मी त्यांना पहिल्यांदाच वापरताना बघितला. मग त्याच क्रमानं आमच्या कम्प्युटरवर केलं. एकावर ‘नाही’, दुसऱ्यावर ‘हो’. ज्यावर ‘नाही’ म्हटलं होतं तेच नाव यादीतून गेलं. त्यांनी तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच झालं. मग त्यांनी फाइल उघडली. शेवटचा बदल कोणी केला ते तिथं लिहिलेलंच असतं.

“इकडे ये व,” त्यांनी मला हाक मारली.

मी उभी राहिले. त्यांनी चौथ्यांदा करून दाखवलं.

“मी तुले इचारलं होतं.”

“हो, सर.”

“मंग?”

“दाबून पाहिलं नव्हतं. खोटं सांगितलं तुमाले.”

सरांनी पडद्यावरची चौकट बंद केली. रागावले असते तर बरं झालं असतं. “जा, जेवून घे आधी,” एवढंच म्हणाले.

मालकांचं म्हणणं पडलं की बाई आता यादीत परत आल्या आहेत, तर सर्व्हरचा घोळ म्हणून सांगून मिटवून टाकू. सरांनी मालकांच्याच टेबलावरून, मालकांच्या समोर ट्रस्टला फोन केला. “चूक आमची हाये. ताईनं बराबर वाचलं, बराबर दाबलं. आमच्या प्रोग्रॅमनं इचारलं एक अन् केलं दुसरं. लेखी पायजे तं लेखी देतो.” त्यानंतर मालक महिनाभर सरांशी कामापुरतंच बोलत होते. ताईंची नोकरी राहिली.

मावशी घरी आल्याचं कळलं, त्या शनिवारी सर मला म्हणाले, “चाल, शेलूबाजारले जाऊ.” लंगडत ते एसटीत चढले, मी मागं. आधी वाशिम, तिथून जीप. एसटीत मी माझा मोबाइल त्यांच्यापुढं धरला. काय बोलायचं ते मी स्टँडवर गाडीची वाट बघताना लिहून ठेवलं होतं. ‘आमच्याकडून जाणते-अजाणतेपणी काही चूक झाली असल्यास, आपलं मन दुखावलं असल्यास, आम्ही क्षमा मागतो.’

आम्ही जैन. आमचं किराणा दुकान आहे. दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीच्या दिवशी आमच्याकडे सगळे एकमेकांना हात जोडून ‘उत्तम क्षमा’ म्हणतात. हल्ली एकच मजकूर शंभर जणांना पाठवतात, मीही पाठवायची. माझं वाक्य तिथूनच आलेलं होतं, मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

सरांनी ते दोनदा वाचलं. “चांगली रीत हाये तुमची,” ते म्हणाले. “आमच्यात तं अशी कोनी ठरवून माफी मागत नाई. पन हे पाह्य, ‘काही चूक’, ‘झाली असल्यास’. हे ‘खात्री हाये का’सारखंच झालं. कायची चूक? कोनाची? थ्या बाईले काय समजन यातून?”

मी मोबाइल पिशवीत टाकला. वाशिमच्या स्टँडवर जीप भरायची वाट बघत आम्ही बाकावर बसलो, तेव्हा त्यांनी ते सांगितलं. माझ्याकडे न बघता, समोर लागलेल्या गाड्यांकडे बघत.

त्यांचे वडील एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर होऊन वर्ष झालं असेल. शुगर होती, उजव्या पायाचा अंगठा काळा पडला. सर तेव्हा नुकतेच पुण्याला नोकरीला लागलेले, घरात इंग्रजी येणारे ते एकटेच. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशनच्या दारात कुणीतरी चार पानांचा कागद पुढं केला, इथं सही करा म्हणाले. “सगळं समजलं ना? खात्री आहे ना?” सरांनी ‘हो’ म्हणून सही केली.

“मले इंग्रजी येत होतं,” सर म्हणाले. “आईले येत नोतं, काकाले येत नोतं. मले येत होतं, अन् मी वाचलं नाई. मले वाटलं अंगठा काढून राह्यले.”

पाय मांडीपासून गेला होता. कागदावर तसं लिहिलेलं होतं, नंतर घरी आणून त्यांनी तो वाचला तेव्हा दुसऱ्याच पानावर सापडलं. शुद्धीवर आल्यावर वडिलांनी हात फिरवून बघितलं आणि विचारलं, “माह्या ब्रेकचा पाय कुठं गेला रे?” मग विचारलं, “तुले इचारलं होतं काय?” सर म्हणाले, “इचारलं होतं.” वडील म्हणाले, “काय इचारलं होतं?” वडील पुढं नऊ वर्षं जगले आणि तो प्रश्न त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

“काढला असता तं बरं झालं असतं,” सर म्हणाले. तेवढ्यात जीपवाल्यानं हाक दिली आणि आम्ही उठलो. आरशात बापाचा चेहरा दिसतो, यावर आम्ही किती हसलो होतो ते आठवून मला मान वर करवेना.

मावशींचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. त्या ब्लाउज शिवायच्या. मशीनवर कापड पसरलेलं होतं आणि त्या शेजारी खाटेवर उशीला टेकून हातशिलाई करत होत्या. चेहरा सुजलेला, पायही. सरांनी मला पुढं केलं आणि स्वतः दाराशी भिंतीला टेकून राहिले.

मी सांगितलं. ट्रस्टच्या ताईंनी तुमचं नाव काढलं नाही. मी प्रोग्रॅममध्ये एक बदल केला, तो तपासायचा असतो तसा तपासला नाही, आणि तपासला म्हणून खोटं सांगितलं. त्या बदलामुळे दुसऱ्याच्या ऐवजी तुमचं नाव गेलं. तुम्हाला जे भोगावं लागलं ते माझ्यामुळे.

मावशींनी सुई कापडात खोचून ठेवली.

“म्हंजे मले कोनी काढलं नोतं?”

“नाही, मावशी.”

“मले वाटलं, मागच्या बारीले मी थ्या नर्सबाईवर वरडली होती. सुई दुखली म्हनून. मले वाटलं, म्हनूनच नाव कमी केलं असन. इतके दिवस मी याईले सांगून राह्यली, माहंच तोंड वाईट हाये, मीच जीव घालवला असता माहा.” त्यांनी आतल्या खोलीकडे मान वळवून नवऱ्याला हाक मारली. “अवं, आयकलं का? माही चूक नोती!”

आणि त्या रडायला लागल्या. अकोल्याला दोन दिवस मरणाच्या दारात पडून होत्या तेव्हाही ही बाई स्वतःलाच दोष देत होती. माझ्या वाक्यातल्या ‘काही चूक झाली असल्यास’मधून हे कधीच बाहेर आलं नसतं. मीही रडले. सर दाराशी तसेच उभे होते.

डोळे पुसून झाल्यावर मावशींनी विचारलं, “आता नाई होनार ना असं?”

मी ‘नाही होणार’ म्हणायला तोंड उघडलं, तर मागून सर म्हणाले, “काय बदललं थे सांग त्याईले.” मी सांगितलं. ‘हो’ दाबायच्या आधी प्रोग्रॅम आता दाखवलेलं नाव आणि काढायचं नाव जुळवून बघतो, जुळलं नाही तर थांबतो. आणि कुणाचंही नाव निघालं की त्याच्या घरी फोन जातो. मावशींनी मान डोलावली. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं.

“अन् थो मानूस? ज्याले काढाचं होतं?”

“तो यादीतच होता की, मावशी. परवापर्यंत.”

मावशी एकदम हसल्या. “घ्या! थो तिकडं पोराच्या घरी मजेत, अन् इकडं त्याचा नंबर चालू!” त्यांच्या नवऱ्यानं चहा आणला. आम्हाला कप भरून, मावशींना बशीत दोन घोट. त्यांना दिवसाचं पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं. ते दोन घोट त्यांनी बराच वेळ पुरवले.

परत येताना सर मला बरं वाटेल असं काहीही बोलले नाहीत. मीही अपेक्षा केली नाही. त्या वर्षीपासून क्षमावाणीला मी शंभर जणांना मजकूर पाठवत नाही. चार-पाच जणांकडेच जाते, पण काय केलं होतं ते सांगते. फार जड जातं.

सरांनाही वडिलांसारखी शुगर होती, आणि त्यांच्या पायाची ती जखम भरली नाही. आरसा होता, काळजी होती, रोजची पट्टी होती, तरी नाही भरली. वर्षभरात ती वर सरकत गेली आणि एका सकाळी काकूंचा मला फोन आला, अकोल्याला ये म्हणून.

खाटेवर सर नेहमीसारखा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसले होते. डॉक्टर तरुण होते, कागद घेऊन उभे होते, आणि सर त्यांना सही देत नव्हते. काकूंनी मला बाजूला घेतलं. “बाई, त्याईले तूच इचार. मी इचाराले गेली का मले रडू येते, अन् रडून इचारलेलं त्याईले चालत नाई.”

मी कागद घेतला. चारही पानं मोठ्यानं वाचली, इंग्रजी आणि मग मराठीत. जे समजलं नाही ते डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर चांगले होते, त्यांनी शेजारचं स्टूल ओढून घेतलं आणि सगळं सांगितलं. मग मी सरांसमोर उभी राहिले.

“सर, तुमचा डावा पाय कापतील. गुडघ्याच्या खाली चार बोटांवर. गुडघा राहील. पाय परत येणार नाही.” माझा आवाज फाटला. मी थांबले आणि पुन्हा सुरू केलं. “नाही, राहू द्या. की हो, कापा?”

सर माझ्याकडे बघत होते.

“नाही,” ते म्हणाले.

काकूंनी तोंडाला पदर लावला. डॉक्टर क्षणभर घुटमळले. मग पेन खिशात ठेवला, कागद मिटला, “ठीक आहे. तुम्ही म्हणाल तसं,” म्हणाले आणि दाराबाहेर गेले. नर्सनं ट्रॉली मागं घेतली. खोलीत कुणीही सरांना हात लावला नाही.

सर दाराकडे बघत बसले. पाचेक मिनिटं गेली असतील. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झालेला मला स्पष्ट दिसला.

“थांबते,” ते मला म्हणाले. “‘नाही’ चालून राह्यलं. आता त्याईले बलाव, अन् पुन्हा इचार.”

मी डॉक्टरांना बोलावून आणलं. पुन्हा तीच तीन वाक्यं म्हटली. या वेळी सर “हो” म्हणाले, आणि स्वतःच्या पेनानं सही केली.

दुसऱ्या दिवशी ते शुद्धीवर आले तेव्हा काकू आणि मी दोघी जवळ होतो. त्यांनी आधी चादरीखाली हात घातला. हात मांडीवरून हळूहळू खाली गेला, गुडघ्यापाशी थांबला. गुडघा होता. त्यांनी तो सगळीकडून चाचपला, खाली चार बोटं मोजली, मग पट्टी लागली.

“इचारलं तेवढंच केलं,” ते म्हणाले.

मग ते रडायला लागले, लहान मुलासारखे, हुंदके देऊन. काकूंनी त्यांचा हात धरला. ते त्या पायासाठी रडत नव्हते, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.